"स्वतःच ओढवून घेतलंय ना त्याने?" : आजारी माणसाला दोष देण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुणाला फुप्फुसाचा कॅन्सर झाल्याचं कळलं की पहिला प्रश्न येतो "ओढायचा का?" हार्ट अटॅक आला की "वजन किती होतं?" आणि लिव्हर गेलं असेल तर प्रश्नसुद्धा येत नाही, नुसतं सूचकपणे एकमेकांकडे बघितलं जातं. आजारी माणसाला हे सगळं कळत असतं. खालचे प्रश्न मला वेळोवेळी वेगवेगळ्या लोकांनी विचारलेत, काहींनी वाद घालताना, काहींनी अगदी रडकुंडीला येऊन. काही उत्तरं लांबलीयत, काही दोन ओळीत संपलीयत, जिथे प्रश्न अवघड आहे तिथे जास्त लिहिलंय.

म्हणजे माणसाची स्वतःची काहीच जबाबदारी नसते असं म्हणणं आहे का?

असं अजिबात म्हणणं नाही, आणि हा गैरसमज आधी दूर करते कारण बहुतेक भांडणं इथेच सुरू होतात.

कारण सांगणं वेगळं आणि दोष देणं वेगळं. रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५० मध्ये लंडनच्या हॉस्पिटल्समधल्या पेशंटची माहिती गोळा करून सिगरेट आणि फुप्फुसाच्या कॅन्सरचा संबंध दाखवला, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं आणि त्यामुळे पुढे असंख्य माणसं वाचली. दोष द्यायचा म्हटलं तर त्याहून बरंच काही माहीत असावं लागतं. त्या माणसाला त्या वेळी काय माहीत होतं, सुरुवात केली तेव्हा वय काय होतं, दुसरा रस्ता खरंच त्याच्या आवाक्यात होता का, सोडायचा प्रयत्न केला होता का आणि किती वेळा. हे सगळं आपल्याला शेजारच्या माणसाबद्दलसुद्धा माहीत नसतं, तरी निकाल मात्र दोन मिनिटांत लागतो.

आणि जबाबदारी पुढच्या दिवसांचीही असते ना. "आजपासून तू काय करू शकतोस, मी त्यात काय मदत करू" ही जबाबदारीचीच भाषा आहे. हॅना पिकार्ड या तत्त्वज्ञ आहेत, त्यांनी व्यसन आणि व्यक्तिमत्त्वाच्या विकारांवर उपचार करणाऱ्या गटांबरोबर प्रत्यक्ष काम केलंय, आणि त्या हेच मांडतात की माणसाला त्याच्या वागण्याबद्दल जबाबदार धरता येतं, त्याच्याकडून बदलाची अपेक्षाही ठेवता येते, पण त्यासाठी त्याला धिक्कारायची गरज नसते. मला हे फार पटतं. "तुझ्या हातात काहीच नव्हतं रे" असं म्हणून माणसाला बाहुलं करून टाकणं हाही एक अपमानच आहे, त्याला ते नको असतं.

पण सिगरेट तर स्वतःच्या हाताने पेटवली ना? कुणी जबरदस्ती केली होती का?

हात त्याचाच होता, मान्य. पण गोष्ट थोडी मागून बघू.

रोज सिगरेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना विचारलं की पहिली कधी ओढली, तर अमेरिकेतल्या आकडेवारीत दर दहातल्या जवळपास नऊ जणांचं उत्तर अठराच्या आतलं येतं. म्हणजे पन्नाशीतल्या माणसाला आपण जो जाब विचारतो तो निर्णय एका शाळकरी पोराने घेतलेला असतो. निकोटीन झुरका घेतल्यावर काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचतं आणि लवकरच मेंदूला त्याची सवय लागते, मग सोडायला गेलं की चिडचिड, झोप उडणं, कशात लक्ष न लागणं. कुठल्याही मदतीशिवाय, नुसत्या निश्चयावर सोडणाऱ्यांपैकी सहा महिने ते वर्षभर टिकणारे दर शंभरात जेमतेम ३ ते ५ असतात. उरलेले पंच्याण्णव सगळेच मनाने कमकुवत असतात का? औषध आणि समुपदेशन मिळालं की हेच प्रमाण वाढतं, म्हणजे बराचसा फरक मदतीचा आहे.

दुसरी बाजू विकणाऱ्यांची. डॉल आणि हिल यांच्यासारखे अभ्यास यायला लागल्यावर डिसेंबर १९५३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या तंबाखू कंपन्यांचे प्रमुख न्यूयॉर्कमध्ये एकत्र बसले आणि जानेवारी १९५४ मध्ये देशभरच्या वर्तमानपत्रांत जाहिरात दिली की असं काही सिद्ध झालेलं नाही, लोकांचं आरोग्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं आहे. पुढची कित्येक दशकं हेच चाललं. शेवटी २००६ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य कोर्टाच्या न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी निकाल दिला की या कंपन्यांनी धोक्यांबद्दल आणि निकोटीनच्या व्यसनाबद्दल लोकांची वर्षानुवर्षं फसवणूक केली. आता सांगा, फसवणारा आणि फसलेला दोघेही समोर असताना आपलं बोट फसलेल्याकडेच का वळतं. तो हॉस्पिटलच्या खाटेवर आहे म्हणून तो सोपा सापडतो, एवढंच मला याचं उत्तर सापडलंय.

परिस्थिती बदलली की व्यसनाचं काय होतं याचं मला कायम आठवणारं उदाहरण व्हिएतनाम युद्धाचं आहे. तिथल्या अमेरिकन सैनिकांपैकी साधारण पाचवा हिस्सा हेरॉइनसारख्या अमली पदार्थांच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स या संशोधिकेने १९७० च्या दशकात परतलेल्या सैनिकांचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की तिथे व्यसनी झालेल्यांपैकी पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात गेलेले फक्त ५ टक्के होते. माणसं तीच होती आणि त्यांचा निश्चयही तोच, पण युद्ध, भीती, कंटाळा आणि हाताशी असलेला स्वस्त माल हे सगळं मागे राहिलं होतं.

आता सगळ्यांना सगळं माहीत असतं, मोबाईलवर सगळं आहे. तरी लोक ऐकत नाहीत, मग?

माहिती असणं आणि ते करता येणं यात खूप अंतर आहे. व्यायाम करावा हे दोन शिफ्ट करणाऱ्या बाईला माहीत नाही असं नाही, तिला झोप मिळत नाही.

याचा सगळ्यात भक्कम पुरावा ब्रिटनमधल्या व्हाइटहॉल अभ्यासातून आला. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात सुमारे १८ हजार सरकारी नोकरदार पुरुष होते, सगळ्यांना पक्की नोकरी, सगळ्यांना सरकारी आरोग्यसेवा, अगदी दरिद्री असं कुणीच नाही. तरीही सगळ्यात खालच्या हुद्द्यावरच्या लोकांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात वरच्या साहेबांपेक्षा तिपटीहून जास्त निघालं. आणि मधल्या पायऱ्यांवरही तसंच, प्रत्येक पायरी वरच्या पायरीपेक्षा जास्त आजारी. लगेच म्हणाल की खालचे लोक जास्त सिगरेट ओढत असतील. ओढत होतेच, पण सिगरेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरलं तरी फरकाचा निम्म्याहून कमी भागच समजावता आला. मायकेल मार्मट यांनी हे काम पुढे नेलं, नंतर जागतिक आरोग्य संघटनेने २००५ मध्ये नेमलेल्या आयोगाचे ते अध्यक्ष होते आणि त्या आयोगाचा २००८ चा अहवाल हेच सांगतो की माणूस कुठे जन्मतो, कसं काम करतो, त्याचा स्वतःच्या दिवसावर किती ताबा असतो यावर त्याची तब्येत ठरते.

माझी आत्या त्याच परिस्थितीतून आली आणि तिने सगळं सोडलं. एकाला जमतं तर दुसऱ्याला का नाही?

आत्याचं मनापासून कौतुक आहे, त्यात कुठेही कमीपणा आणायचा नाही. फक्त "तीच परिस्थिती" हे आपण बाहेरून बघून ठरवतो. दोन सख्ख्या भावांचीसुद्धा परिस्थिती एक नसते, एकाला योग्य वेळी चांगला शिक्षक भेटतो, एकाला मार बसतो, एकाच्या शरीराला दारू सोसत नाही म्हणून तो लांब राहतो तर दुसऱ्याला पहिल्याच घोटात सगळं दुखणं विसरल्यासारखं वाटतं.

शिवाय नशिबाचा भाग विचारात घ्या. दोघे मित्र वीस वर्षं सारखेच ओढतात, एकाला काहीच होत नाही आणि एकाला कॅन्सर होतो. दोघांचं वागणं सारखं, तरी बोल लागतो तो फक्त दुसऱ्याला. म्हणजे आपण वागण्याला दोष देतोय असं म्हणतो पण प्रत्यक्षात आजाराला देतोय, आणि आजार तर कुणी निवडत नाही.

वजनाचं तरी माणसाच्या हातात असतं ना? कमी खायचं, जास्त चालायचं, साधं गणित आहे.

हे गणित कागदावर बरोबर आहे पण शरीर त्या कागदावर राहत नाही.

जुळ्या मुलांच्या अभ्यासांवरून दिसतं की लोकालोकांतला वजनाचा फरक बऱ्याच मोठ्या प्रमाणात, साधारण ४० ते ७० टक्के, अनुवंशिक असतो. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने लेप्टिन शोधलं, चरबीच्या पेशींतून निघून मेंदूला "साठा पुरेसा आहे" असं सांगणारं हार्मोन, आणि तिथून कळायला लागलं की भूक ही नुसती जिभेची हाव नाही, तिच्यामागे मेंदूत चालणारी अख्खी यंत्रणा आहे. वजन घटलं की लेप्टिन घटतं, भूक वाढते आणि शरीर ऊर्जा वाचवायला लागतं.

ते किती वाचवतं? अमेरिकेत वजन घटवण्याच्या एका टीव्ही स्पर्धेत भाग घेतलेल्या १४ जणांना केव्हिन हॉल यांच्या टीमने सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, निष्कर्ष २०१६ मध्ये आले. बहुतेकांचं घटवलेलं वजन बऱ्यापैकी परत आलं होतं, आणि त्यांचं शरीर आराम करताना त्यांच्या वजनाच्या हिशेबाने जेवढी ऊर्जा खर्च व्हायला हवी त्यापेक्षा रोज सरासरी ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. सहा वर्षांनंतरही! सगळ्या देशासमोर घाम गाळलेली माणसं ही, यांना आळशी म्हणणार का?

वजन कमी करता येतच नाही असं मी म्हणत नाहीये. काहींना जमतं, औषधांनी आणि ऑपरेशनने आता बऱ्याच जणांना जमतंय. आणि औषधाने भूक कमी झाल्यावर इतक्या जणांचं वजन उतरतं यावरूनच कळतं की अडचण चारित्र्याची नव्हती.

थोडं टोचून बोललं की माणूस सुधारतो. लाज वाटायलाच पाहिजे, नाहीतर बदलणार कसा?

हे मनापासून मानणारे लोक खूप आहेत, आणि बऱ्याचदा ते प्रेमाचेच लोक असतात. पण तसं होताना दिसत नाही.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा हजारांहून जास्त अमेरिकन लोकांना चार वर्षांच्या अंतराने दोनदा तपासलं. सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांपैकी ज्यांना वजनावरून भेदभाव सहन करावा लागला होता ते नंतर लठ्ठ होण्याची शक्यता इतरांच्या अडीच पट निघाली. टोचणी औषध असती तर आकडा उलटा यायला हवा होता. यामागचं कारण कळायला अवघड नाही. लाज वाटली की माणूस लपतो, जिममध्ये जायचं टाळतो, डॉक्टरकडे जायचं टाळतो, घरच्यांपासून बाटली लपवतो, आणि एकटा पडला की ज्या गोष्टीने तात्पुरतं बरं वाटतं तिकडेच पुन्हा वळतो.

लाज वाटून कुणीच बदललं नाही असं नाही, एखादा बदलतोही. पण जो बदलला नाही आणि चुपचाप तपासणी पुढे ढकलत राहिला तो आपल्याला दिसत नाही. मी हॉस्पिटलच्या बाकांवर बसून अशा बऱ्याच बायका पाहिल्यात ज्यांना गाठ कधी जाणवली विचारलं तर त्या खाली बघतात. उशीर का केला यावर उत्तर एकच, "ओरडतील म्हणून." जखमेवर मीठ चोळून जखम भरत नाही हे आपल्याला एरवी कळतं.

आमच्या टॅक्समधून आणि प्रीमियममधून यांचे उपचार का करायचे?

प्रश्न रास्त आहे, पैसे झाडाला लागत नाहीत. पण हिशेब पूर्ण करू.

२००८ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी संपूर्ण आयुष्याचा आरोग्यखर्च मांडला. दरवर्षीचा खर्च लठ्ठ आणि धूम्रपान करणाऱ्यांचा काही वयांत जास्त असतो, पण आयुष्यभराची बेरीज केली तर सगळ्यात जास्त खर्च निरोगी राहणाऱ्यांचा निघाला, मग लठ्ठ लोकांचा, आणि सगळ्यात कमी सिगरेट ओढणाऱ्यांचा. कारण दुःखद आहे, ते लवकर जातात. निरोगी माणूस जास्त जगतो आणि म्हातारपणीचे आजार, सांभाळ, औषधं यांचा खर्च येतो. म्हणजे "हे लोक आपल्या पैशावर जगतात" हे जे आपण बेधडक बोलतो ते सगळीकडे खरं नसतं.

समजा उद्या कुठल्या देशात उलटा हिशेब निघाला, तरी माझं मत बदलणार नाही. कारण धोका पत्करणारे सगळेच असतात. डोंगर चढणारे पाय मोडून घेतात, फुटबॉल खेळणारे गुडघे घालवतात, रात्रंदिवस काम करून बढती मिळवणारे रक्तदाब लावून घेतात, चाळिशीनंतर बाळंतपण पत्करणाऱ्या बाईलाही जास्त जोखीम असते. यांना कुणी म्हणत नाही की स्वतःचं बिल स्वतः भर. उलट डोंगर चढणाऱ्याला आपण टाळ्या वाजवतो. आपल्याला जोखीम खटकत नाही, जी आपल्याला आवडत नाही अशा माणसाची जोखीम खटकते. गरिबाचा बिडीचा झुरका दिसतो आणि साहेबाची चार तासांची झोप "मेहनत" ठरते.

तत्त्वज्ञानात यावर मोठा वाद झालाय. एका बाजूचं म्हणणं असं की जे नशिबाने वाट्याला आलं त्याची भरपाई समाजाने करावी, जे निवडीमुळे आलं ते ज्याचं त्याने भोगावं. ऐकायला अगदी न्याय्य वाटतं. एलिझाबेथ अँडरसन यांनी १९९९ मध्ये यावर एक साधं उदाहरण दिलं: एकाने विमा न काढता बेफिकीरपणे गाडी चालवली, अपघात झाला, तो रस्त्यावर रक्ताच्या थारोळ्यात पडलाय. या नियमाप्रमाणे अँब्युलन्सने चूक कुणाची ते बघून परत जायला हवं. असा समाज आपल्याला खरंच हवा आहे का? मला तरी नको.

अवयव तर मोजकेच असतात. दारूने लिव्हर घालवलेल्याला नवं लिव्हर का द्यायचं, बिचारा निर्दोष पेशंट रांगेत असताना?

हा या पानावरचा सगळ्यात कठीण प्रश्न आहे, इथे एकाला दिलं की दुसऱ्याला मिळत नाही. त्यामुळे घाईने उत्तर देणार नाही.

बरीच वर्षं अनेक ठिकाणी नियम असा की सहा महिने दारू सोडून दाखवा, मग यादीत नाव. याची वैद्यकीय बाजू आहे, काहींचं लिव्हर दारू थांबल्यावर आपोआप सावरतं आणि ऑपरेशनच लागत नाही. पण दारूमुळे होणारा तीव्र हिपॅटायटिस, म्हणजे लिव्हरला येणारी सूज, असा आजार आहे की औषधांनी फरक पडला नाही तर बहुतेक जण सहा महिने जगतच नाहीत. म्हणजे त्यांच्यासाठी हा नियम म्हणजे मरणाचा निकालच. २०११ मध्ये फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी अशा २६ पेशंटना वाट न बघता प्रत्यारोपण केल्याचे निष्कर्ष मांडले. सहा महिन्यांनी त्यांच्यातले ७७ टक्के जिवंत होते, प्रत्यारोपण न झालेल्या तशाच पेशंटमध्ये फक्त २३ टक्के. आणि पुन्हा प्यायला लागले किती, तर २६ पैकी तीन. हे पेशंट फार पारखून घेतले होते, घरचा आधार असलेले, आधी कधी लिव्हरचा झटका न आलेले, त्यामुळे सरसकट सगळ्यांना हे लागू होत नाही. पण "दारुडा आहे, परत पिणारच" हे गृहीत धरून दार बंद करणं किती जणांच्या जिवावर बेतलं असेल याचा विचार केला तर अंगावर काटा येतो.

माझं मत विचाराल तर कसोटी पुढची असावी. या माणसात हा अवयव किती टिकेल, तो औषधं घेईल का, पुन्हा पिण्याची शक्यता किती, त्याला आधार कोण देणार, हे सगळं जरूर बघा, कडकपणे बघा, आणि सगळ्या पेशंटसाठी सारखंच बघा. मागे काय केलं याची शिक्षा म्हणून मात्र कुणाला यादीतून काढू नका, कारण ते काम डॉक्टरचं नाही. खुनाचा आरोप असलेला माणूस जखमी होऊन आला तरी डॉक्टर उपचार करतातच.

आणि लायकी ठरवायला बसलं की काय होतं ते एकदा घडून गेलंय. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत सिएटलमध्ये कायमस्वरूपी डायलिसिस नुकतं शक्य झालं होतं, मशीन थोडी आणि पेशंट जास्त. मग सात जणांची समिती नेमली, त्यात वकील, धर्मगुरू, बँकर, गृहिणी, कामगार पुढारी असे लोक, नावं गुप्त. त्यांनी पेशंटचं लग्न झालंय का, मुलं किती, उत्पन्न किती, शिक्षण किती, चर्चला जातो का असल्या गोष्टी बघून कोण जगणार ते ठरवलं. वाईट माणसं नव्हती ती, मनापासून न्याय करायचा प्रयत्न करत होती. पण निकाल आपोआप त्यांच्यासारख्याच लोकांच्या बाजूने झुकायचे. १९६२ मध्ये हे एका मासिकातून बाहेर आलं तेव्हा लोक हादरले, आणि १९७२ मध्ये अमेरिकेत कायदा करून किडनी निकामी झालेल्या जवळपास सगळ्यांच्या डायलिसिसचा खर्च सरकारने उचलला.

दोष खरा असेल तर ठीक, खोटा कशाला कोण देईल?

इतिहास बघितला तर आजाराचं कारण कळेपर्यंत दोष पेशंटला आणि कळल्यावर मुकाट्याने विषय बदलायचा, हेच सारखं दिसतं. अल्सर झाला की "टेन्शन फार घेतो, जेवणाच्या वेळा पाळत नाही" म्हणायचे. मग ऑस्ट्रेलियातल्या बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी पोटातला एक जिवाणू शोधला, कुणी विश्वास ठेवेना म्हणून मार्शल यांनी १९८४ मध्ये तो जिवाणू स्वतः पिऊन दाखवला, आणि २००५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. अँटिबायोटिक्सनी बरा होणारा आजार निघाला तो.

ऑटिझमचं तर वाचवत नाही. १९५० आणि ६० च्या दशकात मुलांच्या मानसिक उपचारांत नावाजलेल्या ब्रुनो बेटेलहाइमसारखी मोठी माणसं सांगत होती की आईच्या थंड वागण्यामुळे मूल असं होतं. आधीच मुलासाठी जीव टाकणाऱ्या त्या आयांनी हे ऐकून काय सोसलं असेल. त्यांच्याकडे नंतर किती जणांनी माफी मागितली?

एड्सच्या सुरुवातीच्या काळात रक्तातून लागण झालेल्या मुलांना "निष्पाप बळी" म्हणायची पद्धत पडली, म्हणजे बाकीचे आपोआप दोषी झाले. आणि आजही फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशंटपैकी अमेरिकेत साधारण १० ते २० टक्के लोकांनी आयुष्यात सिगरेट ओढलेली नसते किंवा नावापुरतीच ओढलेली असते. त्यांनाही तोच प्रश्न विचारला जातो. त्यांनी "नाही हो, मी कधीच नाही" असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा मऊ होतो, आणि शेजारच्या खाटेवरचा जो ओढायचा त्याला ते दिसत असतं. त्याचं दुखणं कमी असतं का?

आपल्याला दोष द्यायची एवढी घाई का असते?

भीतीमुळे, असं मला वाटतं. मेल्विन लर्नर या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये केलेल्या प्रयोगात लोकांना एका बाईला शॉक बसताना बघायला लावलं (शॉक खोटे होते, बघणाऱ्यांना ते माहीत नव्हतं). ज्यांना तिचा त्रास थांबवता येत नव्हता ते हळूहळू तिच्यातच खोट काढायला लागले. जग न्यायी आहे, चांगल्याचं चांगलंच होतं, असं मानल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. त्याने काहीतरी केलं म्हणून त्याला झालं, मी करत नाही म्हणून मला होणार नाही, असा तो दिलासा असतो. यात वाईट हेतू नसतो, पण त्या दिलाशाची किंमत आजारी माणूस मोजतो.

आणि दुसऱ्याला त्रास होत असेल तर? दारू पिऊन गाडी चालवणारा, लहान मुलांसमोर धूर सोडणारा?

तिथे दोष द्या, कायदा वापरा, दंड करा, माझी काहीच हरकत नाही. दुसऱ्याच्या धुरामुळे दरवर्षी जगात दहा लाखांहून जास्त माणसं जातात, त्यांनी काय निवडलं होतं? दुसऱ्याला इजा करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि ती दोषाच्या नेहमीच्या नियमांत बसते. फक्त दोन गोष्टी. गाडी ठोकणारा स्वतः जखमी होऊन आला तर उपचार आधी, पोलीस नंतर. आणि "घरच्यांना त्रास होतो ना" हे कारण ताणून प्रत्येक सवयीला लावू नका, आजारी पडलं की घरच्यांना त्रास होतोच, त्या हिशेबाने प्रत्येक आजारी माणूस गुन्हेगार ठरेल.

सिगरेट-दारूवर टॅक्स लावणं हेही दोष देणंच झालं ना?

नाही. टॅक्स वस्तूवर आहे, माणसावर नाही, आणि किंमत वाढली की विशेषतः तरुण मुलं कमी सुरुवात करतात. पण त्या टॅक्सचा बोजा गरिबावर जास्त पडतो हेही खरं, म्हणून त्या पैशातून व्यसन सोडायला फुकट मदत मिळाली पाहिजे असं माझं ठाम म्हणणं आहे. नुसतं महाग करून हात झटकायचे, हे मला पटत नाही.

घरातलंच माणूस ऐकत नाही. दोष द्यायचा नाही तर मग बोलायचं काय? गप्प बसायचं?

गप्प बसू नका. विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या उपचारांसाठी बोलण्याची एक पद्धत मांडली, पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. तिचा गाभा असा की बदलायची कारणं आपण सांगायची नाहीत, त्यालाच बोलू द्यायची. बहुतेकांच्या मनात दोन्ही असतं, सोडावंसं पण वाटतं आणि सोडवत पण नाही. आपण "सोड" म्हटलं की तो नकळत दुसऱ्या बाजूने वकिली करायला लागतो. म्हणून विचारायचं, "तुला यातलं काय आवडतं? आणि काय नको वाटतं?" आणि मग खरंच ऐकायचं, मध्ये न बोलता, हे सगळ्यात कठीण आहे. त्याने एखादं वाक्य बदलाच्या बाजूचं बोललं की तेच धरायचं, "मागच्या वेळी दोन महिने राहिला होतास ना, तेव्हा कशामुळे जमलं?"

आणि स्वतःचा राग गिळायची सक्ती करून घेऊ नका. रात्र रात्र वाट बघणाऱ्या बायकोला, बापाचं कर्ज फेडणाऱ्या मुलाला राग येणारच, तो खरा आहे. "मला भीती वाटते, मी थकलेय, हे मी सहन करणार नाही" हे बोला, घरात मर्यादाही घाला. स्वतःचं दुखणं सांगणं म्हणजे दोष देणं नव्हे.

मी स्वतःच स्वतःला दोष देतेय. डॉक्टर म्हणाले आधी आला असतात तर... रात्री झोप लागत नाही.

"आधी आला असतात तर" हे वाक्य डॉक्टरांनी नकाशा दाखवल्यासारखं म्हटलं असेल पण ते ऐकणाऱ्याला शिक्षेसारखं लागतं. तुम्ही तेव्हा जे केलं ते तेव्हाच्या माहितीवर, तेव्हाच्या पैशावर, तेव्हाच्या भीतीत केलं. आज जे कळतंय ते तेव्हाच्या तुम्हाला माहीत नव्हतं. पश्चात्ताप होऊ द्या, त्यात गैर काही नाही, त्यातून एखादी गोष्ट बदलावीशी वाटली तर बदला. पण तुमच्या मैत्रिणीला हेच झालं असतं तर तुम्ही तिला जे बोलला असतात त्याहून वाईट स्वतःला बोलू नका. सतत तेच विचार येत असतील, खाणं-झोप गेली असेल तर उपचार करणाऱ्या टीमला स्पष्ट सांगा, कॅन्सरच्या किंवा हृदयाच्या पेशंटला नैराश्य येणं खूप नेहमीचं आहे आणि त्यावर वेगळे उपचार असतात.

डॉक्टरच रागावतात, म्हणून खरं सांगायची भीती वाटते. काय करू?

आधी एक: खोटं सांगू नका, विशेषतः ऑपरेशनआधी. रोज दारू घेणाऱ्या माणसाची दारू ऑपरेशनसाठी एकदम बंद झाली की दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं, आणि आधी माहीत असेल तर त्यासाठी औषध देता येतं. सिगरेटचंही तसंच, भूल देणाऱ्या डॉक्टरला ते कळायला हवं. नेहमीच्या औषधांचा डोससुद्धा यावरून बदलतो.

बोलायला जड जात असेल तर घरून कागदावर लिहून न्या आणि तो कागदच पुढे करा, किती, किती वर्षं, शेवटचं कधी. सोबत एखादं शांत माणूस न्या. रागावले तर एवढंच म्हणा, "डॉक्टर, मला माहीत आहे, मला सोडायला मदत हवी आहे." आणि वजनाखेरीज दुसरं काही ऐकूनच घेत नसतील तर हा प्रश्न विचारा, "हाच त्रास घेऊन बारीक माणूस आला असता तर तुम्ही कुठल्या तपासण्या केल्या असत्या?" त्या तपासण्या मागून घ्या. तरीही दर वेळी अपमानच होत असेल आणि शक्य असेल तर डॉक्टर बदला, तपासणी मात्र थांबवू नका.